चितारलेल्या घरांनी शिकवलेलं

माझं पोट नकाशांवर चालतं. पुण्यात लोकांची राहती घरं करते, अधूनमधून एखादं दुकान, कधी गावाकडच्या जुन्या घराची दुरुस्ती. संध्याकाळी बाबांची पेटी असते आणि रात्री सगळं आवरलं की जपानी ॲनिमे. वास्तुरचना, वस्तूंची घडण, संगीत आणि हे चितारलेले चित्रपट, असे चार नाद मी कित्येक वर्षं सांभाळले आहेत. त्यांचा एकमेकांशी संबंध काय, असं बरेचजण विचारतात. माझं उत्तर चित्रपटांपासून सुरू होतं. कॅमेरा रस्त्यात उभा केला की विजेचा खांब, दोरीवरचे कपडे, मधेच आडवं गेलेलं कुत्रं हे सगळं आपसूक टिपलं जातं. चित्रात काहीच आपसूक येत नाही. खिडकीची कडी दिसली तर ती कुणीतरी ठरवून काढलेली असते. पाऊस ऐकू आला तर तो कुणीतरी ठरवून ऐकवलेला असतो. नकाशावर पायरीची उंची लिहिताना मीही तेच करत असते. म्हणून हे चार नाद मला एकमेकांची भाषा शिकवत आले. त्यातून जे हाती लागलं ते लिहिते.

१. आधी घर बघा, मग गोष्ट

हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) बहुतेकांना त्यातल्या गुबगुबीत वनदेवासाठी आठवतो. मला आधी आठवतं ते कुसाकाबे कुटुंबाचं घर. काळ १९५० च्या दशकातला, जागा टोकियोच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांलगतचं खेडं. आई इस्पितळात आहे, म्हणून वडील दोन मुलींना घेऊन तिच्या जवळपास राहायला आलेत. घर अस्सल जपानी, सरकत्या दारांचं, पण त्याच्या एका अंगाला पाश्चात्त्य धाटणीची खोली जोडलेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी मध्यमवर्गाने अशी घरं हौसेने बांधली होती. चित्रपटात त्या खोलीत वडिलांचा अभ्यास चालतो, पुस्तकांचे ढीग लागलेले असतात. बाकी सगळं घर जमिनीवर बसतं, ही एक खोली खुर्चीवर बसते. वडील प्राध्यापक आहेत, नव्या-जुन्याच्या सीमेवरचा माणूस आहे, हे एका वाक्यानेही न सांगता घराच्या आराखड्याने सांगून टाकलं.

आल्या आल्या मुली काय करतात? मांडवाचा कुजलेला खांब गदागदा हलवतात, वरून भुगा पडतो. मग माडीचा जिना शोधत सुटतात, कारण तो दाराआड लपलेला आहे. हातपंपाला पाणी चढेना म्हणून आधी ओढ्यावरून बादली भरून आणावी लागते. नव्या घरात मूल शिरतं ते असंच, हाताने आणि तळपायाने. मी आता कुणाच्याही घराचं काम घेतलं की त्यांची मुलं आधी कुठे धावतात ते बघते. मोठी माणसं दिवाणखान्यात उभी राहून बोलत असतात, मुलांनी तोवर घराचा अर्धा नकाशा शोधून काढलेला असतो.

हे घर २००५ मध्ये आयची इथल्या जागतिक प्रदर्शनासाठी प्रत्यक्ष बांधलं गेलं, आणि आता ते तिथल्या, मियाझाकींच्या जिब्ली स्टुडिओच्या नावाच्या जिब्ली पार्कमध्ये आहे. कागदावरचं घर सुतारांना उभं करता आलं, कारण काढणाऱ्यांनी तुळई कुठे टेकते याचा विचार आधीच केलेला होता.

२. कल्पनेचं मूळ गाव शोधून काढा

‘स्पिरिटेड अवे’ (२००१) मध्ये देवांच्या न्हाणीघराच्या तळघरात सहा हातांचा कामाजी भट्टी सांभाळतो. त्याच्या मागे छतापर्यंत चढत गेलेले शेकडो छोटे खण आहेत. पाण्यात घालायच्या औषधी तो लांब हात करून त्यांतून काढतो. हे खण हवेतून आलेले नाहीत. टोकियोच्या कोगानेई भागात, जिब्ली स्टुडिओपासून जवळच, ‘एदो-टोकियो खुलं वास्तुसंग्रहालय’ आहे. पाडल्या जाण्याच्या बेतात असलेली घरं आणि दुकानं तिथे उचलून आणून पुन्हा उभी केली आहेत. त्यात ‘ताकेइ सानशोदो’ हे टोकियोच्या कान्दा भागातलं लेखनसामग्रीचं दुकान आहे, आणि त्याची एक भिंत अशाच खणांनी भरलेली आहे. मियाझाकी या संग्रहालयात नेहमी जात. तिथलं जुनं सार्वजनिक न्हाणीघर, कौलांचा उंच दर्शनी भाग, रस्त्याकडेला लागून असलेली दुकानं हे सगळं पाहिलं की चित्रपटातलं जग कुठल्या मातीतलं आहे ते कळतं.

हे कळल्यावर मला कल्पनाशक्तीविषयी आदर वाढला, कमी झाला नाही. ज्या वस्तूचा खण आपण स्वतः कधीतरी ओढून पाहिलाय, तिलाच सहा हात जोडता येतात. पुण्याच्या पेठांतल्या काष्ठौषधींच्या जुन्या दुकानांत असेच खण असायचे. वरचा खण काढायला दुकानदार फळीवर पाय देऊन चढायचा आणि ज्येष्ठमधाचा वास खालपर्यंत यायचा. ते डोळ्यांत साठवून ठेवलेली मुलं पुण्यातही आहेत. त्यांच्या हातून काय निघेल याची मी वाट बघते.

उचलून आणलेली वास्तू पाहायला जपानला जायचीही गरज नाही. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडचा मस्तानी महाल आणून पुन्हा जोडलेला आहे. शाळेच्या सहलीत तो धावत पाहिला जातो. नंतर एकदा एकट्याने जा, सोबत वही ठेवा आणि लाकडाचे सांधे काढून पाहा.

३. शांतता कुणीतरी लिहिलेली असते

टोटोरोमधला बसथांब्याचा प्रसंग. पाऊस आहे, अंधारून आलंय. सात्सुकी वडिलांची छत्री घेऊन उभी आहे, धाकटी मेइ पाठीवर झोपलीय. बस येत नाही. कितीतरी वेळ फक्त पाऊसच ऐकू येतो. एक बेडूक संथपणे चालत जातो. मग बाजूला टोटोरो येऊन उभा राहतो, डोक्यावर एक पान. ती त्याला वडिलांची छत्री देते. झाडावरून थेंब छत्रीवर पडतात, टप्, टप्. तो आवाज ऐकून त्या प्रचंड प्राण्याच्या अंगावर आनंदाचा काटा उभा राहतो, आणि तो उंच उडी मारून धाडकन जमिनीवर येतो, तसं झाडांवरचं सगळं पाणी एकदम छत्र्यांवर कोसळतं. छत्री म्हणजे चामडं ताणलेलं वाद्य आहे, हे त्याला पहिल्यांदा कळलेलं असतं.

या आनंदाची किंमत आधीच्या शांततेने चुकवलेली आहे. तिथे व्हायोलिनं भरली असती तर थेंब ऐकूच आला नसता.

याच मियाझाकींच्या ‘लापुता’ (१९८६) या चित्रपटाची एक हकिकत संगीतकार मंडळींनी ध्यानात ठेवावी अशी आहे. दोन तास चार मिनिटांच्या त्या चित्रपटाला मूळ संगीत होतं साधारण एक तासाचं. अमेरिकेतली इंग्रजी आवृत्ती निघाली तेव्हा वितरकांना वाटलं, तिथल्या प्रेक्षकांना एवढा वेळ संगीताविना करमणार नाही. म्हणून चित्रपटाचे संगीतकार जो हिसाइशी यांनी ते पुन्हा लिहून दीड तासाच्या घरात नेलं. हिसाइशी श्रेष्ठ संगीतकार आहेत, त्यामुळे नवं कामही उत्तमच आहे. तरी माझा कौल मूळ आवृत्तीला. आकाशातल्या ओसाड किल्ल्यावर पहिल्यांदा पाऊल ठेवताना वारा ऐकू आला पाहिजे.

घरातही हेच लागू पडतं. हल्ली खोल्यांच्या छतात दिव्यांची रांग, भिंतीला कापडी फुगवटे, त्यात पुन्हा पट्ट्या. मी घरमालकांना एक कोरी भिंत मागते. ऊन तिच्यावर कधी येतं ते वर्षभर बघू द्या म्हणते. काहीजण देतात.

४. पेटी घेऊन बसा

जपानी गाणी परकी वाटणं ही फार तर पहिल्या पाच मिनिटांची गोष्ट आहे. एका संध्याकाळी मी ‘साकुरा साकुरा’ हे त्यांचं चेरीच्या बहराचं गाणं लावलं होतं. बाबांनी आतूनच विचारलं, “अगं, कोण गुणकली गातंय?” आणि पेटी ओढून सूर लावलेसुद्धा. त्यांचं बरोबर होतं. या गाण्यातली सप्तकाची चौकट, सा, कोमल रे, मध्यम, पंचम, कोमल धैवत, ही गुणकलीच्या स्वरांशी तंतोतंत जुळते. शमिसेन आणि कोतोवर वाजणाऱ्या कितीतरी रचना या चौकटीत आहेत. म्हणून आपल्या कानाला त्या पहाटेच्या वाटतात.

दुसरी चौकट आहे भूपाची. मेइजी काळात जपानने शाळांतून संगीत शिकवायला सुरुवात केली, तेव्हा पाश्चात्त्य सप्तकातले चौथा आणि सातवा हे दोन स्वर वगळलेली गाणी रुळली. मध्यम आणि निषाद गाळले की उरतो सा रे ग प ध. ‘ऑल्ड लँग साइन’ हे स्कॉटिश गाणं १८८१ च्या शालेय गीतसंग्रहात ‘होतारु नो हिकारी’ म्हणून जपानी झालं. आज तिथे शाळेच्या निरोप समारंभाला ते म्हणतात, आणि दुकानं बंद व्हायच्या वेळी त्याची धून वाजते. त्याच चालीवर इकडे रवींद्रनाथांनी बंगाली गीत बांधलं. स्कॉटलंड, टोकियो, शांतिनिकेतन आणि आमच्या घरातली पेटी, चौघांना भूपाचे पाच स्वर पुरले. ओकिनावा बेटांवरचं संगीत ऐकाल तर सा ग म प नि भेटेल, आपल्या तिलंगाच्या आरोहातलं.

राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, हे मला ठाऊक आहे. गुणकलीचा धैवत कसा लावायचा हे शिकायला वर्षं जातात आणि कोतोवादकाचं चालणं वेगळं असतं. पण परक्या संगीताच्या दारात उभं असताना एक ओळखीचा सूर हाताला लागला तर तो धरून आत शिरावं. ॲनिमेची शीर्षकगीतं पेटीवर बसवून पाहा. कुठे भूप सोडून कोमल स्वर घेतला, नेमक्या त्याच जागी चित्रात काय घडतं, हे शोधण्यात रविवार सरतो.

५. ओतून बघा

वस्तूची परीक्षा ती वापरूनच होते. लाल झाकणाची किक्कोमानची सोया सॉसची बाटली केन्जी एकुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये घडवली. जेवणाच्या टेबलावर ठेवायची, हातात मावणारी, खालून रुंद आणि कमरेत निमुळती. तिची खरी करामत तोटीत आहे. तोटीचं तोंड वरच्या बाजूने आत तिरकं कापलंय, त्यामुळे ओतणं थांबवलं की शेवटचा थेंब ओघळत नाही, आत परततो. एकुआन हिरोशिमाचे. अणुबाँबने त्यांची बहीण नेली, पुढे वडीलही गेले. सगळं राख झालेलं पाहिल्यावर माणसाच्या हाताशी वस्तू असाव्यात ही ओढ त्यांना या व्यवसायात घेऊन आली, असं ते सांगत.

घरातली तेलाची बुधली उचला आणि ओता. बुडाशी तेलकट वर्तुळ उमटलं तर त्या तोटीचा कुणी विचार केलेला नाही.

६. चौक अंगावर घ्यावा लागतो

तादाओ आंदोंनी १९७६ मध्ये ओसाकातल्या सुमियोशी भागात एका जुन्या चाळवजा रांगेतलं घर पाडून तिथे काँक्रीटचं घर बांधलं. जागा साधारण साडेतीन मीटर रुंद आणि चौदा मीटर लांब. लांबीचे तीन भाग केले आणि मधला भाग आकाशाला उघडा ठेवला. पुढच्या खोलीतून मागच्या स्वयंपाकघरात जायचं तर चौकातून. माडीवरच्या झोपायच्या खोलीतून रात्री न्हाणीघरात जायचं तर उघड्या जिन्याने उतरून चौकातून. पाऊस असेल तर छत्री घ्या. रस्त्याकडून पाहिलं तर एक कोरी भिंत आणि तिच्यात दार, बाकी काही नाही. आंदो वास्तुशास्त्राच्या कुठल्याही महाविद्यालयात शिकलेले नाहीत, आधी मुष्टियोद्धा होते. या छोट्या घराला जपानच्या वास्तुशास्त्र संस्थेचा १९७९ चा पुरस्कार मिळाला.

यावर टीका भरपूर झाली आणि होते. म्हाताऱ्या माणसाने काय करायचं, थंडीत काय करायचं? प्रश्न रास्त आहेत. पण वाड्यात राहिलेल्या कुणालाही विचारा. चौक ओलांडल्याशिवाय वाड्यात दिवस सुरूच व्हायचा नाही. पाऊस घरात यायचा, चांदणं घरात यायचं, आणि कुणी आजारी असेल तर त्याची खोली चौकातून दिसायची. आंदोंनी ज्या रांगघरांच्या जागी हे बांधलं, त्यांतही मधे छोटं अंगण असे. त्यांनी नवं काही आणलं नाही, असलेलं सोडलं नाही.

माझ्याकडे येणारी निम्मी मंडळी बाल्कनी आत घेऊन खोली मोठी करायला सांगतात. मी तीन हात लांबीची का होईना, उघडी जागा राखायचा हट्ट धरते. मुंबईच्या कांचनजंगा इमारतीत चार्ल्स कोरियांनी उंच मनोऱ्याच्या कोपऱ्यांतून दोन मजली उघडे सज्जे कोरले, १९८३ मध्ये. तेवढं धाडस माझ्यात नाही तर नाही, पण गच्चीचा एक कोपरा तरी ओला होऊ द्यावा.

७. कागदावरचं शहर टिकतं

कात्सुहिरो ओतोमोंचा ‘अकिरा’ (१९८८) रात्रीच बघावा, आवाज मोठा ठेवून. त्यातलं निओ-टोकियो उपसागरावर वसलेलं आहे. वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांनी १९६० मध्ये खरोखरच टोकियोच्या उपसागरावर पसरणाऱ्या शहराचा आराखडा मांडला होता. त्या चमूत तरुण किशो कुरोकावा होते. पुढे कुरोकावांनी १९७२ मध्ये गिन्झा भागात नाकागिन कॅप्सूल मनोरा उभारला. दोन गाभ्यांना अडकवलेल्या १४० खोल्या, प्रत्येकीला गोल खिडकी. ठरावीक वर्षांनी जुनी खोली काढून नवी बसवायची, इमारतीने झाडासारखं वाढायचं आणि पानं बदलायची. एकही खोली कधी बदलली गेली नाही. २०२२ मध्ये मनोरा पाडला, काही खोल्या तेवढ्या जतन झाल्या. तांगेंचं सागरावरचं शहर बांधलंच गेलं नाही, आणि ते ओतोमोंच्या पडद्यावर अजून झगमगतंय.

याउलट जपानमधलंच इसेचं देऊळ बघा. दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत तसंच नवं बांधतात, शेवटचं २०१३ मध्ये झालं. तिथे बदलणं निभावलं कारण त्यासाठी सुतारांच्या पिढ्या, राखलेलं जंगल आणि उत्सव असं सगळं लावून दिलेलं आहे. नाकागिनला यातलं काहीच नव्हतं. वाडे वाचवा म्हणणाऱ्या आपण सर्वांनी या फरकावर विचार करायला हवा. लाकडाला वाळवी लागल्यावर कुणाला बोलवायचं, तो माणूस आहे का, त्याच्या हाताखाली कुणी शिकतंय का?

‘अकिरा’चं संगीत गेइनो यामाशिरोगुमी या समूहाचं. त्यात डॉक्टर, अभियंते, विद्यार्थी असे हौशी लोक होते. बालीची बांबूची वाद्यं, नोह नाट्यातला घोष आणि यंत्रांचे आवाज त्यांनी एकत्र आणले. मोटारसायकली सुटतात तेव्हा बांबू वाजतो. भविष्यातल्या शहराला इतका जुना आवाज द्यावा, हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

८. पावलं ऐका

माझे चारही नाद एकाच चित्रपटात पाहायचे असतील तर मी नाओको यामादांच्या ‘लिझ अँड द ब्लू बर्ड’चं (२०१८) नाव घेईन. उजी गावातल्या शाळेचं वाद्यवृंद पथक. मिझोरे ओबो वाजवते, नोझोमी बासरी. दोघी मैत्रिणी शेवटच्या वर्षाला आहेत, आणि पुढे काय हे दोघींना ठाऊक नाही. घटना म्हणावी असं फार थोडं घडतं. मध्ये मध्ये येणारी परीकथा सोडली तर जवळजवळ संपूर्ण चित्रपट शाळेच्या इमारतीतच राहतो.

शाळेतली सुरुवात अशी. मिझोरे पायऱ्यांवर बसून वाट पाहते. पावलं ऐकू येतात, ती मान वर करते, दुसरीच कुणी मुलगी असते. पुन्हा पावलं. या वेळी तिला न बघताच कळतं. नोझोमीची चाल वेगळी आहे, उड्या मारल्यासारखी, पोनीटेल हेलकावणारी. मग दोघी आत जातात. बूट बदलण्याचे कप्पे, लांब मार्गिका, जिना, चौकातलं वळण, संगीताच्या खोलीचं कुलूप. नोझोमी पुढे, मिझोरे काही पावलं मागे. नोझोमी वाटेत जे करते ते मिझोरे मागून हळूच करून पाहते. दोघींची पावलं कधी जुळतात, बहुधा जुळत नाहीत. ती पावलं हाच ताल आहे, आणि पियानो त्या तालाच्या आजूबाजूला थेंबाथेंबाने पडत राहतो. संवाद अगदी थोडका. मैत्रीत कोण पुढे चालतं आणि कोण मागे, हे आपण जिना चढताचढता समजून घेतो.

संगीतकार केन्सुके उशिओ आणि यामादा, ज्या शाळेवरून चित्रं बेतली तिथे प्रत्यक्ष गेले. उशिओंनी तिथल्या वस्तू वाजवून ध्वनी मुद्रित केले आणि ते पार्श्वसंगीतात विणले. इमारतच वाद्य झाली. खिडक्यांच्या काचा, प्रयोगशाळेतली भांडी, बाकं, ही सगळी दोघी मुलींकडे बघत असल्यासारखी चित्रपटाची नजर आहे. चेहऱ्यांपेक्षा पाय, बोटं, केसांशी चाळा करणारा हात जास्त दिसतात.

हा चित्रपट पाहिल्यापासून मी जिना नुसता काढत नाही, ऐकते. कडाप्प्याच्या पायरीवर चप्पल वेगळी वाजते, सागवानी फळीवर वेगळी, लोखंडी गोल जिन्यावर तर प्रत्येक पायरीला थोडा निराळा सूर असतो. आमच्या कामावरचे सुतारमिस्त्री फळी बसवली की टाचेने दोनदा ठोकतात आणि म्हणतात, “मॅडम, पोकळ बोलतीये, खाली पाचर मारतो.” त्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही. पण त्यांच्याइतका जाणकार प्रेक्षक त्याला मिळणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

९. नावं संपेपर्यंत उठू नका

दिग्दर्शकाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, बाकीची नावं कुणी वाचत नाही. टोटोरोतली हिरवाई काझुओ ओगांची आहे, पोस्टर रंगांनी कागदावर रंगवलेली. गवताची पात काढताना ते ऊन कुठल्या बाजूने आहे ते विसरत नाहीत. मिचियो यासुदा यांनी जिब्लीच्या चित्रपटांची रंगयोजना केली. संध्याकाळी निळा फ्रॉक किती निळा दिसेल, हे त्यांनी ठरवायचं.

‘लिझ’ बनवणारा क्योटो ॲनिमेशन हा स्टुडिओ आपल्याच इमारतीत माणसं शिकवून तयार करणारा आणि चित्रागणिक मोजून पैसे देण्याऐवजी पगार देणारा म्हणून ओळखला जातो. १८ जुलै २०१९ रोजी तिथे आग लावली गेली आणि ३६ जण गेले. त्यांतल्या कितीतरी जणांची नावं आपण श्रेयनामावलीत पाहिली होती आणि वाचली नव्हती. तेव्हापासून नावं संपेपर्यंत मी दिवा लावत नाही, कुणाला उठू देत नाही. जपानी लिपी येत नसली तरी ओळी वर सरकताना बघत बसते.

१०. आपलाही वाटा मागा

माझ्या पिढीला ॲनिमे भेटलं ते दूरदर्शनवर, १९९३ मध्ये, रविवारी सकाळी, मोगलीच्या रूपात. ते जपानी आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. शीर्षकगीत गुलजारांचं आणि चाल विशाल भारद्वाजांची, त्यामुळे ते आपलंच वाटायचं.

पण त्याहून मोठी गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. युगो साको हे जपानी निर्माते रामायणाने इतके भारावले की त्यांनी त्यावर संपूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट केला. १९९२ मध्ये पूर्ण झालेल्या ‘द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’च्या दिग्दर्शनात साको आणि कोइची सासाकी यांच्या बरोबरीने राम मोहन होते. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात १९५६ पासून घडलेला हा चित्रकार. ‘भुवन शोम’मधलं ॲनिमेशन त्यांचं, युनिसेफची मीना त्यांची. संगीत मुंबईच्याच वनराज भाटियांचं. धोतर कसं नेसतात, मोठ्यांचा आशीर्वाद कसा घेतात, हे भारतीय चमूने जपानी चित्रकारांना समजावून सांगितलं. धोतराच्या निऱ्या चालताना कशा हलतात हे कागदावर उतरवणं किती अवघड आहे, एकदा पेन्सिल घेऊन बसा म्हणजे कळेल. जानेवारी २०२५ मध्ये हा चित्रपट चित्रगृहांत पुन्हा लागला तेव्हा मी भाचीला घेऊन गेले. ती ‘डेमन स्लेअर’ या ॲनिमेवर वाढलेली, त्यामुळे लढाया ती जाणकारीने पाहत होती. मध्येच कानाशी येऊन म्हणाली, “मावशी, पाण्याचं काम बघ.” सेतू बांधतानाचा समुद्र होता.

ती आता चित्रकलेच्या परीक्षेला बसतेय आणि सरावाला जागा हवी म्हणते. मी तिला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात नेते. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली ही पुणे-ओकायामा मैत्रीची बाग आहे आणि नाव आहे ‘पूर्वरंग’मधून मराठी वाचकाला जपान हिंडवून आणणाऱ्या पुलंचं. कोराकुएन १७०० साली पूर्ण झाली. तिची खुबी अशी की वाट वळते तसा देखावा बदलतो आणि पुढचा देखावा आधी दिसत नाही. पुण्यातल्या बागेत कालव्याचं पाणी ओहोळ करून खेळवलंय. लाकडी पुलावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून आम्ही पुलाच्या अलीकडे, ओहोळ वळतो तिथे बसतो. तिला मी दगड काढू देत नाही, दगडाभोवतीचं पाणीच काढायला लावते. गेल्या खेपेला तिने तीन कागद फाडले, चौथ्यावर वळणाशी पाणी जरा दाटतं ते तिच्या हातात आलं. पुढच्या रविवारी पाऊस नसला तर पुन्हा जाणार आहोत, आणि असला तर छत्री घेऊन.